तरतरी येते कुठून? उत्तेजक द्रव्यं आणि आपला मेंदू

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



व्याख्यानाआधी आयोजकांनी बाहेर चहा ठेवला होता. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो घेतला, मीही घेतला. म्हणजे आजचा विषय आपण सगळे पोटात घेऊनच इथे बसलो आहोत. चहात कॅफीन असतं, आणि कॅफीन हे मध्यवर्ती मज्जासंस्थेला, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूला उत्तेजित करणारं द्रव्य आहे. याच मोठ्या गटात तंबाखूतलं निकोटिन येतं, कोकेन येतं, अ‍ॅम्फेटामिन आणि मेथअ‍ॅम्फेटामिन येतात, आणि आपल्याकडे वर्तमानपत्रात ‘एमडी’ म्हणून ज्याचं नाव सारखं छापून येतं ते मेफेड्रोनही येतं.

आता घाबरू नका. चहा आणि एमडी सारखेच, असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक नेमका काय, हेच समजून घ्यायचं आहे. पण सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. चहा घेतला की तरतरी येते, असं आपण म्हणतो. ही तरतरी येते कुठून? चहातल्या दूध-साखरेत थोडी ऊर्जा असते, मान्य. पण बिनसाखरेचा कोरा चहा घेतला तरी तरतरी येतेच. कॅफीन जाळून शरीराला ऊर्जा मिळत नाही. मग ती येते कुठून?

आज घरी जाताना एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवा. उत्तेजक द्रव्य शक्ती देत नाही. ते एक तर थकव्याचा निरोप अडवून ठेवतं, नाहीतर मेंदूनं बेताबेतानं वापरायला ठेवलेला साठा एकदम बाहेर काढतं. दोन्हीत उधारीच असते. फरक आहे तो उधारी किती आणि फेडताना काय जातं याचा.

थकव्याचा निरोप

मेंदू वजनानं शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा एकटा खातो. ही ऊर्जा खर्च होताना अ‍ॅडेनोसिन नावाचं एक रसायन तयार होतं. सकाळी उठल्यापासून ते साठत जातं. मेंदूतल्या पेशींवर त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. अ‍ॅडेनोसिन त्या जागेवर बसलं की पेशीला निरोप मिळतो, ‘आता पुरे, दमलास, झोप.’

कॅफीनचा रेणू दिसायला अ‍ॅडेनोसिनसारखा असतो, इतका की तो त्याच जागेवर जाऊन बसतो. पण निरोप मात्र देत नाही. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं समजा. रुमाल काही प्रवास करत नाही, पण दुसऱ्याला बसू देत नाही. अ‍ॅडेनोसिन बिचारं दाराशी उभं राहतं. थकवा गेलेला नसतो, त्याचा निरोप पोचलेला नसतो.

आणि रुमाल उचलला की? उभे असलेले सगळे एकदम बसतात. म्हणून कॉफीचा असर उतरला की कधीकधी आधीपेक्षा जास्त मरगळ येते. निरोगी माणसात शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला कडक कॉफी घेतली, तर रात्री अकराला त्यातली निम्मी अजून अंगात आहे. आणि मग आपण म्हणतो, ‘हल्ली झोपच लागत नाही.’

मेंदूही काही गप्प बसत नाही. रोजच जागा अडत असतील तर तो आणखी जागा तयार करतो. मग पूर्वी एका कपात यायची ती तरतरी यायला तीन कप लागतात, आणि एखाद्या दिवशी चहा चुकला की डोकं ठणकतं. सवय, वाढती मात्रा, तोडल्यावर त्रास. व्यसनाचं हे व्याकरण आपण चहात सौम्य रूपात पाहतो. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सहसा बाधत नाही, गरोदरपणी २०० च्या आत ठेवावं असं सांगतात. आपल्या एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असतं. म्हणजे चहा सोडा असं सांगायला मी आलेलो नाही.

मोरीचा बोळा

आता दुसरा प्रकार. इथे उधारी मोठी आहे.

मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये अतिशय बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरी ते टिपते. त्यातलं एक रसायन म्हणजे डोपामिन. लोक त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, पण ते अर्धवट आहे. डोपामिनचं मुख्य काम म्हणजे एखाद्या गोष्टीवर शिक्का मारणं: ‘हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव, पुन्हा कर.’ १९५४ साली ओल्ड्स आणि मिल्नर या दोघा संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. दांडी दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका झटका मिळायचा. उंदीर तासन्‌तास दांडी दाबत राहिले. पुढच्या संशोधनात कळलं की या वाटेवर डोपामिनचा मोठा वाटा आहे.

एरवी काय होतं, डोपामिन सुटतं, निरोप देतं, आणि पेशी आपल्या पंपानं ते परत आत ओढून घेते. घंगाळातलं पाणी सांडलं आणि मोरीतून निघून गेलं, तसं. कोकेन काय करतं? मोरीला बोळा घालतं. पाणी जातच नाही, तुंबतं. अ‍ॅम्फेटामिन त्याच्या पुढे जातं. ते पेशीच्या आत शिरून पंपच उलटा फिरवतं. म्हणजे मोरीतून पाणी वर येऊ लागतं. मेफेड्रोनही याच पद्धतीनं काम करतं, आणि डोपामिनबरोबर सेरोटोनिनचाही साठा बाहेर ओततं.

याच द्रव्यांनी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनही वाढतं. ते म्हणजे संकटकाळाची घंटा. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, बाहुल्या मोठ्या होतात, भूक मरते, अंग तापतं. घरात चोर शिरल्यावर दोन मिनिटं शरीराचं जे होतं, ते इथे तासन्‌तास चालू राहतं.

काटा झाकला म्हणून टाकी भरत नाही

निरोप अडवल्यावर काय होतं याचं एक उदाहरण सायकल शर्यतीच्या इतिहासात आहे. १३ जुलै १९६७. फ्रान्समधली ‘टूर द फ्रान्स’ शर्यत, माँ व्हाँतू नावाचा उघडाबोडका डोंगर, आणि कडक ऊन. टॉम सिम्प्सन हा ब्रिटिश सायकलपटू, वय २९, आधी जगज्जेता झालेला. चढावर तो झोकांड्या खाऊ लागला, पडला. त्याला पुन्हा सायकलवर बसवलं. थोडं अंतर गेला, पुन्हा कोसळला, आणि त्यातच गेला. त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामिन आणि दारू सापडली.

त्याचं शरीर सांगत होतं की थांब, पाणी नाही, ताप चढलाय. तो निरोप त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. गाडीच्या पेट्रोलचा काटा कागदानं झाकला म्हणून टाकी भरते का? उलट गाडी कुठे बंद पडेल तेच कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना ‘पर्विटिन’ नावानं मेथअ‍ॅम्फेटामिनच्या गोळ्या दिल्या गेल्या, त्याही याच समजुतीनं, की माणूस झोपेशिवाय चालवता येतो. जपानमध्ये युद्धानंतर हेच द्रव्य सामान्य लोकांत इतकं पसरलं की १९५१ मध्ये तिथे स्वतंत्र कायदा करावा लागला.

समोरच्या गच्चीवरचा माणूस

आता आपल्याकडे येऊ. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या यादीत आलं. त्याच्या आसपासच माझ्याकडे एक मुलगा आला होता. ओळख पटेल असं काही सांगत नाही. तेविशीतला, रात्रपाळीची नोकरी. मित्रानं सांगितलं, ‘जरा घे, झोप येणार नाही.’ पहिला महिना झकास गेला. काम दुप्पट, साहेब खूश. मग रात्रपाळीपुरतं होतं ते सुट्टीच्या दिवशीही लागायला लागलं.

आई त्याला घेऊन आली तेव्हा तो चार दिवस झोपला नव्हता. खिडकीकडे पाठ करून बसेना. म्हणाला, ‘समोरच्या गच्चीवरून माझ्यावर पाळत ठेवतायत.’ आई म्हणाली, ‘डॉक्टर, समोर गच्चीच नाहीये हो.’

हा वेडेपणा आला कुठून? मघाचा शिक्का आठवा. डोपामिन तुंबलं की मेंदू दिसेल त्या गोष्टीवर ‘महत्त्वाचं’ असा शिक्का मारत सुटतो. शेजाऱ्याचा खोकला, खालून गेलेली स्कूटर, कुणी सहज वळून पाहिलं. सगळंच महत्त्वाचं, म्हणजे सगळंच आपल्याविषयी. मन मग त्याची गोष्ट रचतं. त्यात न झोपलेल्या रात्रींची भर.

द्रव्य थांबवलं आणि झोप मिळाली तसा त्याचा संशय काही दिवसांत ओसरला. सगळ्यांचा इतक्या लवकर ओसरत नाही. पण खरी कसोटी पुढे होती. साठा रिकामा आणि सततच्या माऱ्यानं डोपामिनचे ग्राही कमी झालेले. जेवणाला चव नाही, मॅचमध्ये मन नाही, भाची मांडीवर येऊन बसली तरी आत काही हलत नाही. तो मला म्हणाला, ‘सर, जगाचा आवाज कुणीतरी बंद केलाय.’ बहुतेक जण याच टप्प्यावर पुन्हा वळतात. घरचे म्हणतात, ‘मनात आणलंस तर सुटेल.’ अहो, पण मनात आणण्याचं काम ज्या यंत्रणेनं करायचं, तीच तर आजारी आहे.

ती सावरते का? बऱ्याच अंशी हो. मेथअ‍ॅम्फेटामिन सोडून वर्षाहून अधिक काळ लोटलेल्या माणसांच्या मेंदूच्या तपासण्यांत डोपामिनचे पंप बऱ्यापैकी परत आलेले दिसले. सगळं पूर्ववत होतंच असं नाही, पण वेळ दिला तर मेंदू भरून काढतो. अफूच्या व्यसनावर पर्यायी औषधं आहेत, तशी यावर नाहीत. समुपदेशन, नियमित तपासणी, न घेता काढलेल्या प्रत्येक आठवड्याचं कौतुक, झोप, आणि घरच्यांचा धीर, हेच औषध. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे काम करतं आहे. सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. आणि स्वतःसाठी थोडं द्रव्य बाळगणारा माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला पुढे आला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद याच कायद्यात आहे, कलम ६४-अ. पोलिसांच्या भीतीनं मुलाला घरात कोंडून ठेवू नका.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या मुलाला एडीएचडीसाठी डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट दिलं आहे. तेही उत्तेजकच ना? व्यसन लागेल का?

चांगला प्रश्न, ताई. हो, तेही उत्तेजकच. पण द्रव्य मेंदूत किती वेगानं चढतं, यावर फार काही अवलंबून असतं. ओढलेलं किंवा टोचलेलं द्रव्य काही सेकंदांत चढतं आणि शिक्का खोल उमटतो. ठरलेल्या मात्रेची गोळी हळूहळू चढते, आणि अशा मुलांचं लक्ष लागायला तिची मदत होते. नीट उपचार घेतलेल्या मुलांत पुढे व्यसनाचं प्रमाण वाढल्याचं दिसत नाही. मनानं बंद करू नका, आणि त्याची गोळी दुसऱ्या मुलाला परीक्षेसाठी देऊ नका.

प्रश्न: आमच्याकडे बायका मशेरी लावतात, दात दुखतात म्हणून. ते यात येतं का?

येतं, काका. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं. सकाळी मशेरीशिवाय ‘डोकं चालत नाही’ असं त्या सांगतात, ते दातांचं नाही, निकोटिनचं बोलणं आहे. शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच.

प्रश्न: कुणी जास्त घेतलंय असा संशय आला तर काय करायचं?

अंग भट्टीसारखं तापलं, छातीत दुखलं, झटका आला, बरळायला लागला, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. तोवर सावलीत घ्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसा, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. आणि डॉक्टरांना खरं सांगा, काय घेतलंय ते. अब्रूच्या भीतीनं दडवलेल्या त्या एका वाक्यानं जीव गेलेले मी पाहिले आहेत.

वेळ संपली. बाहेर अजून चहा आहे म्हणतात. जरूर घ्या. पण रात्रीचे साडेआठ वाजलेत, तेव्हा मी आपला नुसतं पाणी घेईन.