संसदेच्या आवारातील १४ एप्रिल

६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जनसागर लोटतो हे लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु १४ एप्रिलला दिल्लीत संसदेच्या आवारातही आपला मेळा भरतो, याची पुष्कळ बंधुभगिनींना कल्पना नसते. काही वर्षांपूर्वी आम्ही कचेरीतील चार मित्र बायकामुलांसह तेथे गेलो होतो.

सकाळी राष्ट्रपती, पंतप्रधान आदी मंडळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला पुष्पांजली वाहून गेली, भिक्खूंनी वंदना घेतली आणि मग सर्वसामान्यांसाठी दार उघडले. बाहेर संसद मार्गावर पुस्तकांचे स्टॉल, जेवणाच्या पंगती. रांगेत उत्तर प्रदेश, पंजाब, हरयाणाचे लोक. भाषा निराळ्या, पण ‘जयभीम’ एकच! एरव्ही पासाशिवाय जेथे पाऊल टाकता येत नाही, तेथे त्या दिवशी सफाई कामगारही कुटुंबासह हातात फूल घेऊन ताठ मानेने जात होते. आमच्या सौभाग्यवतींचे डोळे भरून आले.

या जागेचा इतिहास समजून घेतला पाहिजे. १२ फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी पायाभरणी केली आणि १८ जानेवारी १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी उद्घाटन केले. लुट्येन्स व बेकर हे वास्तुशिल्पी. खर्च ८३ लाख रुपये. १४४ खांबांच्या त्या गोल इमारतीत संस्थानिकांसाठीही स्वतंत्र सभागृह होते. राजेरजवाड्यांची सोय साहेबाने केली. अस्पृश्यांचे नाव तेथे कोण घेणार?

पण काळ पालटला. मधला सभागृह मूळचा ग्रंथालयाचा. १९४६ साली तो घटना समितीसाठी सजवला गेला. ९ डिसेंबर १९४६ रोजी तेथे पहिली बैठक झाली. शाळेत वर्गाबाहेर बसवलेला मुलगा त्याच सभागृहात मसुदा समितीचा अध्यक्ष म्हणून उभा राहिला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले, की राजकारणात समता येईल, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहील. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. दुसऱ्या दिवशी घटना स्वीकारली गेली. २०१५ पासून २६ नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून देशभर साजरा होतो.

आवारातील बाबासाहेबांचा पुतळा शिल्पकार वाघ यांनी घडवला. २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी त्याचे अनावरण केले. मध्यवर्ती सभागृहात मात्र तैलचित्र लागायला १९९० साल उजाडले. म्हणजे महापरिनिर्वाणानंतर तब्बल ३४ वर्षे! पुढे २००३ साली महात्मा फुले आणि २००९ साली राजर्षी शाहू यांचे पुतळेही आवारात आले.

२८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले. जुन्या इमारतीला आता ‘संविधान सदन’ म्हणतात. २०२४ साली निरनिराळ्या ठिकाणचे पुतळे एकत्र करून ‘प्रेरणा स्थळ’ उभारले गेले. विखुरलेले पुतळे लोकांना नीट पाहता यावेत हा हेतू, असे लोकसभेच्या अध्यक्षांनी सांगितले. विचारविनिमय न करता महापुरुषांना कोपऱ्यात नेले, अशी विरोधी पक्षांनी तक्रार केली. आम्हालाही ते रुचले नाही. समोरच्या हिरवळीवर बोट उंचावून उभे असलेले बाबासाहेब येणाऱ्याजाणाऱ्या खासदाराला दिसत होते, आणि ते दिसणे आवश्यक होते.

तरीही पुतळ्याच्या जागेपेक्षा आम्हाला त्या दाराची काळजी अधिक वाटते. वर्षातून एखाद-दोन दिवस उघडणारे ते दार गोरगरिबांसाठी कायम उघडे राहिले पाहिजे. आणि आपण केवळ फूल वाहून परतता कामा नये. येत्या २६ नोव्हेंबरला घरोघरी मुलांना जवळ बसवून घटनेची उद्देशिका मोठ्याने वाचावी, आणि २५ नोव्हेंबरचे ते भाषणही. विसंगतीचा तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

जयभीम!