ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्मींच्या मुखवट्यांचे पुनर्रंगकाम : नांदेड व लातूर परिसरातील एक घरगुती कलाव्यवहार

प्रस्तावना

भाद्रपद शुद्ध पक्षात येणाऱ्या गौरींना मराठवाड्यात ‘महालक्ष्मी’ म्हटले जाते. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन असा हा तीन दिवसांचा कुलाचार आहे. कोकणात काही घरांतून तेरड्याच्या रोपांच्या, तर काही घरांतून पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या गौरी पूजतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांत मात्र ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोन उभ्या, साडी नेसलेल्या, दागिन्यांनी मढविलेल्या महालक्ष्मी मांडण्याची पद्धत विशेष रूढ आहे. लोखंडी सांगाडा किंवा कोठी, तीवर कापडी धड आणि धडावर मुखवटा अशी ही रचना असते. सण झाला की धड व मुखवटा वेगळे करून, कापडात गुंडाळून पुढील वर्षापर्यंत जपून ठेवतात. मुखवट्याचे पाण्यात विसर्जन होत नसल्याने तो पिढ्यान्पिढ्या टिकतो, आणि टिकतो म्हणूनच तो कधी ना कधी पुन्हा रंगवून घ्यावा लागतो.

हा पुनर्रंगकामाचा व्यवहार वरवर पाहता किरकोळ वाटतो. मूर्तिकाराकडे मुखवटे नेऊन द्यायचे, ठरलेल्या दिवशी परत आणायचे, एवढेच त्याचे स्वरूप. परंतु मुखवटे घरी आल्यावर घरातील वडीलधारी स्त्री ते पाहून गप्प बसते, आणि काही वेळाने म्हणते की या आपल्या महालक्ष्मी नव्हेत. रंग सुबक असतो, काम स्वच्छ असते. तरीही चेहरा गेलेला असतो. असे का घडते आणि ते टाळता येते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साचा आणि चेहरा

शाडू किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा मुखवटा साच्यातून निघतो. एकाच साच्यातून शेकडो मुखवटे निघतात. एवढेच नव्हे, तर ज्येष्ठा आणि कनिष्ठा यांचे मुखवटेही पुष्कळदा एकाच साच्यातील असतात. नाक, गाल, हनुवटी यांची ठेवण साचा ठरवितो. दृष्टी, भुवईचा बाक, ओठांच्या कडांचा किंचित कल, वय आणि स्वभाव या साऱ्या गोष्टी मात्र कुंचल्यातून येतात. एका साच्यातील दोघी बहिणी एकमेकींहून वेगळ्या ओळखू येतात त्या केवळ रंगामुळे. म्हणजेच घराण्याला ओळखीचा असलेला चेहरा मातीत नसून मातीवरील अत्यंत पातळ अशा रंगाच्या थरात असतो. पुनर्रंगकामात पहिल्यांदा खरवडला जातो तो नेमका हाच थर.

पितळी व चांदीच्या मुखवट्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांत डोळे व भुवया धातूतच उठविलेल्या असतात. रंग केवळ साहाय्यक असतो. तथापि चिंचेने घासता घासता डोळ्यांतील काळा रंग दरवर्षी झिजतो आणि कालांतराने मुखवटा आंधळा दिसू लागतो.

माध्यमाचा प्रश्न

शाडूची माती भाजलेली नसते. ती हवेतील ओलावा शोषते, फुगते, कोरड्या हवेत पुन्हा आकसते. तीवर ऑइल पेंटचे जाड कवच चढविल्यास माती हलते आणि कवच हलत नाही. परिणामी रंगाचे पोपडे निघतात. अनेक घरांत ‘फार दिवस टिकावा’ म्हणून हाच रंग आग्रहाने मागितला जातो, हे विपरीत आहे. ॲक्रिलिक रंगाचा पातळ थर शाडूवर अधिक चांगला बसतो. शाडूचा मुखवटा पाण्याने धुणे तर सर्वथा वर्ज्य होय. प्लास्टरचा मुखवटा ओल्या फडक्याने पुसणे चालते, परंतु त्यावर पूर्वी पोस्टर कलरने काम झालेले असल्यास रंग फडक्याबरोबर निघून येतो.

क्रम साधारणपणे असा असतो : सुटे पोपडे काढणे, टवके व भेगा लांबीने भरणे, ती वाळल्यावर काचपेपरने घासणे, पांढरे अस्तर देणे, मग अंगरंग, गालांवरची लाली, ओठ, भुवया आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. नथीचे व कर्णफुलांचे छिद्र या सगळ्यांत बुजणार नाही, याकडे लक्ष द्यावे लागते. शेवटी व्हार्निशचा हलका हात दिला जातो. तो अगदीच नसेल तर हळदीचे डाग रंगात मुरतात आणि जास्त झाला तर विजेच्या माळांच्या प्रकाशात चेहरा तेलकट चमकतो.

येथे एका धोक्याची नोंद आवश्यक आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात 2016 साली अधिसूचित झाले. त्यापूर्वीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या-तांबड्या छटांच्या ऑइल पेंटमध्ये, शिसे असण्याची शक्यता असते. म्हणून जुना मुखवटा घरी कोरडा घासू नये आणि त्या धुळीजवळ लहान मुलांना बसू देऊ नये.

डोळ्यांची आखणी

डोळा हा या कामाचा कळीचा भाग. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात नेत्रांचे आकार भावानुसार सांगितले आहेत : ध्यानस्थाचा चापाकार, स्त्रियांचा व प्रेमिकांचा मत्स्योदर, शांत व्यक्तीचा उत्पलपत्रासारखा. गावातील मूर्तिकाराने हे शास्त्र वाचलेले नसते, तरीही आकार व भाव यांचा हा संबंध त्याच्या हाताला ठाऊक असतो. बुबुळाचे वर्तुळ पूर्ण दिसले आणि सभोवती पांढरे राहिले, तर देवी दचकलेली वा रागावलेली वाटते. वरच्या पापणीने बुबुळाचा थोडा भाग झाकला की तीच दृष्टी निवते. डोळ्यातील पांढरा भाग शुद्ध पांढरा ठेवल्यास तो चेहऱ्यावरून सुटून दिसतो, म्हणून त्यात किंचित पिवळसर छटा मिसळतात. चमकेचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूस हवा. अन्यथा नजर फाटते. महालक्ष्मी उभ्या असतात आणि पूजा करणारी माणसे पाटावर बसलेली असतात. त्यामुळे नजर जराशी खाली असावी लागते. मूर्तिकार मुखवटा टेबलावर डोळ्यांसमोर ठेवून रंगवितो; कोठीवर चढविल्यावर मात्र तो समोरच्यांच्या डोक्यावरून पाहू लागतो. परत आलेल्या मुखवट्याविषयी ‘आमच्याकडे बघतच नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

मागणी कशी नोंदवावी

आजवर ही मागणी तोंडीच होत आली आहे. ‘काका, तोंड तेच राहू द्या, फक्त रंग नवा करा,’ एवढ्याच सूचनेवर काम दिले जाते. ही सूचना अशक्य कोटीतील आहे, कारण रंग नवा झाला की तोंडही नवे होते. मूर्तिकाराचा दोष कमी आणि सूचनेचा अधिक.

या संदर्भात एक दूरचे उदाहरण उपयोगी ठरते. जपानमधील व्होक्स या कंपनीने 1999 साली ‘सुपर डॉल्फी’ ही संग्राहकांसाठीची सांधेदार बाहुली बाजारात आणली. पॉलियुरेथिन रेझिनचे सुटे अवयव, आत ओवलेली लवचीक दोरी आणि बदलता येणारे डोळे असे तिचे स्वरूप. अशा बाहुल्यांचे डोके कोऱ्या चेहऱ्याचेही मिळते, आणि हौशी संग्राहक केवळ ते डोके टपालाने चित्रकाराकडे पाठवून चेहरा रंगवून घेतात. या कामास ‘फेस-अप’ म्हणतात. धड घरी आणि डोके चित्रकाराकडे, हे साम्य मौजेचे आहे. महत्त्वाचा आहे तो भेद. तेथे चित्रकार आधी मॅट लेपाचा फवारा देतो आणि त्यावर पेस्टलची पूड व ॲक्रिलिक रंग वापरतो. पुढे चेहरा नको झाल्यास हा सारा थर द्रावकाने पुसता येतो, मूळ रेझिनला धक्का लागत नाही. भुवया, पापण्या, ओठ, लाली यांविषयीची अपेक्षा छायाचित्रांसह लेखी कळविण्याची रीतही तेथे रुळली आहे. बाहुलीच्या बाबतीत ग्राहकाला बहुधा नवा चेहरा हवा असतो, महालक्ष्मीच्या बाबतीत जुना. जुना हवा असताना नोंदीची गरज खरे तर अधिक आहे.

ही रीत आपल्याकडे सहज उचलता येते. मुखवटे देण्यापूर्वी समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाटावर बसून दिसतात तसे, अशी छायाचित्रे दिवसाच्या उजेडात घ्यावीत. डोळ्यांच्या कोपऱ्यांतील अंतर, भुवईची सर्वांत उंच जागा, ओठांची रुंदी यांचा पातळ कागदावर ठसा काढून घ्यावा. जेथे जुना रंग घट्ट आहे तेथे तो खरवडू नये, केवळ टवके दुरुस्त करावेत, असे स्पष्ट सांगावे. दोहोंपैकी एकच मुखवटा खराब झाला असला तरी दोन्ही एकत्र द्यावेत; निराळ्या वेळी कालविलेला अंगरंग जुळत नाही. आषाढ-श्रावणात मूर्तिकार गणेशमूर्तींच्या कामात बुडालेला असतो आणि दमट हवेत थर लवकर वाळत नाहीत, म्हणून हे काम उन्हाळ्यातच सोपविणे इष्ट.

पूजेतल्या वस्तूला हात लावावा का

काही घरांत पुनर्रंगकामालाच संकोच असतो. कोल्हापूरच्या करवीरनिवासिनी अंबाबाईच्या मूर्तीचे 2015 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने रासायनिक संवर्धन केले, तेव्हा मूर्तीच्या रूपाविषयी बरीच सार्वजनिक चर्चा झाली होती. परंतु ती नित्यपूजेतील स्थिर मूर्ती होय. घरच्या महालक्ष्मींचे दरवर्षी आवाहन होते आणि अक्षता टाकून विसर्जनही होते. मधल्या काळात मुखवटा ही जपण्याची वस्तू असते. त्यामुळे दुरुस्तीला आचाराची अडचण सहसा येत नाही.

खरा पेच निर्माण होतो तो घर विभागले जाते तेव्हा. थोरल्याकडे मूळ महालक्ष्मी राहतात आणि लातूरहून पुण्याला किंवा नांदेडहून हैदराबादला गेलेला धाकटा भाऊ वेगळी मांडणी करू पाहतो. त्याला बाजारातील तयार फायबरचे मुखवटे नको असतात, आईने पूजलेले तोंड हवे असते. 30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीच्या रात्री झालेल्या किल्लारी भूकंपात ज्यांची घरेच गेली, त्यांच्यापैकी कित्येकांजवळ समोर ठेवायला मूळ वस्तूही उरली नाही. तेथे मूर्तिकाराला केवळ आठवणीतील वर्णनावर काम करावे लागते. मूळ मुखवटा उपलब्ध असेल तर प्रत करताना तो मूर्तिकाराच्या शेजारी ठेवावा, आणि डोळ्यांची आखणी ज्या दिवशी व्हायची त्या दिवशी घरातील एखाद्या जाणत्या स्त्रीने तेथे बसावे. पापणीची रेघ अर्ध्या दोऱ्याने वर की खाली, हे तिला सांगता येते. छायाचित्राला येत नाही.