प्रेमकथेतले घर कोणाच्या नावावर असते?

बेंगळुरूला नोकरी करणारी माझी पुतणी दिवाळीत आली आणि जाताना एक इंग्रजी कादंबरी विसरून गेली. चार-पाच दुपारी मी ती वाचून काढली. शहरातली मुलगी, नोकरी गेलेली, ठरलेले लग्न मोडलेले. खेड्यातल्या मावशीचे घर तिला वारशाने मिळते. ती तिथे बेकरी उघडते, शेजारच्या शेतकऱ्याशी तिचे सूत जुळते आणि हळूहळू गाव तिला आपले म्हणू लागते. खोटे कशाला बोलू, मला आवडली. इंग्लंड-अमेरिकेत अशा कादंबऱ्या ढिगाने निघतात. शेवट गोड होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते, आणि तेवढ्यासाठीच तो ती हातात घेतो.

फोनवर तिने विचारले, "काका, मराठीत असे काही नाही का?" मी "नाही गं" म्हणून मोकळा झालो. नंतर मात्र ते उत्तर डाचत राहिले.

आहे, पण आपली गोष्ट निराळ्या ठिकाणी अडते. त्या कादंबरीत घर रिकामे आहे आणि किल्ली वकिलाच्या पाकिटातून येते. आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली चाळलेल्या माणसाला याचे हसू येते. आपल्या खेड्यात घराला कुलूप असले तरी उताऱ्यावर सात नावे असतात, आणि ओट्यावर बसलेल्या चार माणसांचे मत असते ते वेगळेच. त्यामुळे दोघे एकमेकांना आवडतात का, हा प्रश्न आपल्या प्रेमकथेत लवकर सुटतो. त्यांना उंबरा कोण देणार, हा सुटत नाही.

श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (१९५२) घ्या. बापू गरीब घरचा, गावाने वाया गेलेला ठरवलेला. राधा ही चहाचे दुकान चालवणाऱ्या रावजीची बायको, पुढे विधवा. बापू तिच्याबरोबर उघडपणे राहू लागतो आणि गारंबीचा रोष ओढवून घेतो. इंग्रजी साच्यात ही दोघे दुसऱ्या गावी गेली असती तरी चालले असते. बापू जात नाही. त्याला राधा हवी आणि गारंबीही हवी; ज्या गावाने नाकारले त्याच गावात मान हवा. कादंबरीची सारी ओढ त्या हट्टात आहे. पेंडसे स्वतः मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते आणि लिहीत होते कोकणावर. गाव सुटलेल्या माणसालाच त्याची किंमत अशी कळत असावी, हे माझे आपले मत.

गो. नी. दांडेकरांच्या 'पडघवली'त (१९५५) उलटे आहे. तिथे बोलते ती अंबूवहिनी, लग्न होऊन आलेली. बाहेरून आलेली ही सून गावाला धरून राहते आणि गावचीच माणसे एकेक करून निघून जातात. मला ही प्रेमकथाच वाटते, फक्त प्रेम गावावरचे आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. कॅम्पातून कोल्हापूरला निघालो की निपाणीच्या अलीकडे तवंदीचा घाट लागतो. इंदिरा संतांचे बालपण या तवंदीचे. त्यांनी आणि पती ना. मा. संत यांनी मिळून १९४० साली 'सहवास' हा कवितासंग्रह काढला. १९४६ मध्ये संत गेले. पुढे इंदिराबाईंनी बेळगावात अध्यापन केले, मुले वाढवली, आणि त्या सहवासाची आठवण त्यांच्या कवितेत कायमची राहिली. उतारवयात त्यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवून 'मालनगाथा' सिद्ध केली. त्या ओव्यांतली बाई धन्याचे कौतुक करते, पण जीव भाऊ आणि माहेर यांत अडकलेला असतो. कागदावर तिचे नाव ना तिकडे, ना इकडे. तरी दोन्ही घरे ती "माझे" म्हणून गाते.

त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत. आजोळी दत्तक गेल्यामुळे कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित; पुस्तकांवर मात्र वडिलांचे नाव लावलेले. 'वनवास'पासून 'झुंबर'पर्यंतच्या चार पुस्तकांतला त्यांचा लंपन आई-बाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. गावाचे नाव सांगितलेले नसले तरी कानडी मिसळलेली ती बोली ऐकली की बेळगावकराला ओळख पटायला वेळ लागत नाही. वर्गातल्या सुमीबद्दल त्याला जे वाटते ते त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. वाटेल तिथे भलेमोठे आकडे फेकण्याची त्याची सवय बँकवाल्यांना विशेष आवडावी! हे पोर दोन घरांत वाटले गेले आहे, आणि सुमी त्याला हळूहळू या घरचा, या गावचा करते.

आपल्याला हे परके नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. रणजित देसाईंचे कोवाड मात्र पलीकडे, चंदगड तालुक्यात राहिले. सोयरिकी काही थांबल्या नाहीत. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्यात, अशा बायका आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

मी पुतणीला 'वनवास' कुरिअरने पाठवले. आठवड्याने तिचा फोन आला. पुस्तकाबद्दल थोडे बोलली, मग म्हणाली, "काका, गावच्या घराच्या उताऱ्यावर अजून बाबांचेच नाव आहे ना? माझे चढेल का?" माझा भाऊ जाऊन सहा वर्षे झाली. वारसा नोंद करायची राहिली ती माझ्याच आळसाने. मुलीचा हक्क मुलाइतकाच असतो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीतही तो जन्मापासून धरतात, हे मी तिला सांगितले. राहायला येणार आहेस का, असे विचारणार होतो, पण विचारले नाही.

संक्रांतीला ती येते आहे. मृत्यूचा दाखला आणि वंशावळ तयार ठेवली आहे. घराची किल्ली धाकट्या चुलत्यांकडे असते, त्यांनाही निरोप दिला आहे.