‘ठाऊक नाहीं’ म्हणणारें यंत्र

ज्या विद्यार्थ्यास उत्तर येत नाहीं, तो एकतर ‘मला ठाऊक नाहीं’ असें सांगतो, नाहीं तर ठोकून देतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांचीहि हीच कसोटी आहे.

मुंबईस २०१८ सालीं स्थापन झालेल्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेनें कपाशीच्या बोंडअळीसाठीं एक साधन केलें. शेतांतील कामगंध सापळ्यांत सांपडलेल्या पतंगांचें छायाचित्र मोबाईलवर घ्यावें; यंत्र पतंग मोजतें व फवारणीविषयीं सल्ला देतें. परंतु कोणीं चुकून चपलेचें चित्र पाठविलें तर? तेथेंहि यंत्र पतंग मोजूं लागलें, तर औषध व्यर्थ जाईल किंवा पीक हातचें जाईल. म्हणून अयोग्य चित्र ओळखून नाकारावयासहि संशोधकांनीं त्यास शिकविलें.

आपल्याशीं संभाषण करणारीं नवीं यंत्रें तर चुकीचें उत्तरहि मोठ्या ठामपणें देतात. त्यांस आपलें अज्ञान कबूल करावयास लावणें, आणि अखेरचा निर्णय मनुष्याच्या हातीं राखणें, हें सुरक्षिततेच्या संशोधनाचें मोठें काम होय. भारत सरकारनेंहि जानेवारी २०२५ मध्यें याकरितां स्वतंत्र संस्थेची घोषणा केली.

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत पावसाचा भरंवसा नाहीं. एक फवारणी वायां गेली तरी संसारास चटका बसतो. तेव्हां पालकांनीं यंत्राचा सल्ला अवश्य घ्यावा, पण शेतांत जाऊन दहापांच बोंडें स्वतः फोडून पाहावीं. आणि विद्यार्थ्यांनो, जो प्रामाणिकपणा आम्ही यंत्रांस शिकवूं पाहतों, तो प्रथम आपल्या उत्तरपत्रिकेंत दिसूं द्या.