बरे वाटणे आणि बरे होणे

भांगलण करून स्वच्छ केलेल्या शेतात उभे राहिले म्हणजे लव्हाळा समूळ गेला असे वाटते. परंतु अनुभवी शेतकरी त्या देखाव्याला भुलत नाही. मातीखाली लव्हाळ्याच्या गाठी शिल्लक आहेत, आणि भांगलण थांबली की तो पुन्हा डोके वर काढील, हे त्यास पक्के ठाऊक असते. एच. आय. व्ही. या विषाणूवर उपचार घेणाऱ्या माणसाची स्थिती अशीच असते. औषधाने भूक लागते, वजन वाढते, माणूस पुन्हा कामाला लागतो. आणि नेमका येथेच धोका उभा राहतो. बरे वाटणे म्हणजेच बरे होणे, असा त्याचा व त्याच्या घरच्यांचा समज होतो.

हा विषाणू करतो तरी काय? रोगजंतूंशी झुंजणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये सी. डी. ४ नावाच्या पेशी असतात. सैन्यात नायकाचे जे काम, तेच शरीरात त्यांचे. निरोगी प्रौढाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरात त्या साधारणतः ५०० ते १,५०० असतात. विषाणू याच पेशींत शिरून त्यांचा नाश करतो. त्यांची संख्या २०० च्या खाली उतरली म्हणजे त्या अवस्थेस एड्स म्हणतात. मग क्षयासारखे रोग शरीराचा सहज ताबा घेतात.

१९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि या रोगाचे रूपच पालटले. आपल्या देशात १ एप्रिल २००४ रोजी आठ सरकारी रुग्णालयांतून ही औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला. पुढे ही सोय देशभरच्या ए. आर. टी. केंद्रांतून मिळू लागली.

मात्र ही औषधे विषाणूचे निर्मूलन करीत नाहीत. ती त्याची वाढ रोखतात. काही महिन्यांत रक्तात विषाणू सापडेनासा होतो, तरी काही पेशींच्या आत तो निपचित पडून राहतो. गोळ्या थांबविल्या की बहुधा काही आठवड्यांतच तो रक्तात परत येतो.

गेलेली प्रतिकारशक्ती दोन टप्प्यांनी परत येते. प्रथम लसिकाग्रंथींत अडकून पडलेल्या पेशी रक्तात उतरतात. त्यामुळे आरंभीच्या आठवड्यांत संख्या झपाट्याने वाढते. त्यानंतरचे काम सावकाशीचे. नव्या पेशी छातीच्या हाडामागील थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात, आणि ही ग्रंथी वयोमानाप्रमाणे आक्रसत जाते. पहिल्या वर्षात सरासरी ५० ते १५० पेशींची भर पडते. पुढील वाढीस वर्षानुवर्षे लागतात. म्हणून ज्याने फार उशिरा उपचार सुरू केले, त्याची संख्या विषाणू दबूनही कधी कधी पुरती भरून येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत कित्येकांस अकस्मात ताप येतो, गाठी सुजतात. औषध बाधले असे वाटून घरची माणसे ते बंद करावयास सांगतात. पुष्कळदा खरा प्रकार निराळा असतो : जागी झालेली प्रतिकारशक्ती शरीरात दडलेल्या क्षयासारख्या रोगाशी झुंजू लागलेली असते. अशा वेळी औषध आपल्या मनाने न सोडता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

प्रकृती सुधारल्यावर औषधास विश्रांती दिली तर काय होते, याची परीक्षा एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात झाली. त्यात ५,४७२ रुग्ण होते आणि त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मधूनमधून औषध थांबविणाऱ्या गटात गंभीर आजाराचा वा मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक आढळला. हृदय, मूत्रपिंड व यकृत यांचे विकारही वाढले. उलट २०१५ साली ४,६८५ जणांच्या दुसऱ्या अभ्यासाने दाखविले की पेशी ५०० हून अधिक असतानाच उपचार सुरू केल्यास गंभीर आजारांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. २०१७ पासून आपल्या सरकारनेही पेशींची संख्या न पाहता, लागण आढळताच उपचार देण्याचे धोरण स्वीकारले.

वेळीच उपचार घेऊन ते नेमाने चालविणाऱ्यास आज जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य लाभू शकते. मात्र दबलेल्या विषाणूमुळेही शरीरात मंद दाह चालू राहतो आणि हृदयविकाराचा संभव वाढतो. २०२३ साली १२ देशांतील ७,७६९ जणांच्या अभ्यासात असे दिसले की चाळिशीपुढील अशा व्यक्तींस रोज स्टॅटिन वर्गातील गोळी दिल्यास हृदयविकाराचे झटके व तत्सम आघात सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ती घ्यावी की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे. पण तंबाखू व विडी सोडणे, रक्तदाब व साखर तपासून घेणे हे तर प्रत्येकास शक्य आहे. खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजनातील घट दिसताच क्षयाची तपासणी करावी. स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही टाळू नये.

वाचकहो, आता आपल्या घरांविषयी दोन शब्द. एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने वा शेजारी निजल्याने हा रोग लागत नाही. ज्याच्या रक्तात उपचारामुळे विषाणू सापडेनासा झाला आहे व तसाच राहिला आहे, त्याच्यापासून जोडीदारासही शरीरसंबंधातून लागण होत नाही. आणि गर्भवती मातेने नेमाने औषध घेतल्यास बाळास लागण होण्याचा संभव फारच थोडा उरतो. रुग्णास कामावरून वा शाळेतून दूर सारणे आणि त्याच्या संमतीवाचून त्याचा रोग उघड करणे यांस १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्याने मनाई आहे.

परंतु कायदा उंबरठ्याच्या आत क्वचितच पोहोचतो. चार लोक काय म्हणतील या भयाने जो गोळ्यांची बाटली धान्याच्या कणगीत दडवितो, त्याची गोळी पाहुण्यांच्या दिवशी हमखास चुकते. ज्या घरात कोणी तरी “आजची गोळी घेतलीस ना?” असे मायेने विचारते, तेथे ती चुकत नाही. शेताची भांगलण एकट्याने होत नसते. या भांगलणीसही घरच्यांचे हात लागतात.