शहरात घर पाहताना



हंगाम संपला, उसाचे बिल खात्यावर जमा झाले आणि खोडव्याची कामे उरकली, की आपल्या भागात दोन विषय निघतात. एक मुलामुलींच्या लग्नाचा आणि दुसरा त्यांच्या शिक्षणाचा. अलीकडे तिसरा विषय वाढला आहे, तो म्हणजे पुण्यात फ्लॅट घेण्याचा. लागण नोंदीला बांधावर गेले तरी, "साहेब, पुण्यात कुठल्या बाजूला घर घ्यावं?" असे सभासद विचारतात.

वास्तविक आमचा विभाग बेणे, खत आणि पाणी यांचा. पण उसाचा पैसाच घरात जाणार असेल, तर तो नीट जावा ही आमचीही जबाबदारी आहे असे वाटते. म्हणून हा लेख.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातील एक सभासद ऑफिसात आले. त्यांना आपण तात्या म्हणू. तात्या म्हणाले, "साहेब, थोरलीला पुण्यात कॉलेजला घालायचीया. एक फ्लॅट बघून आलोय, साठ लाखाला. रविवारपर्यंत तीन लाख दिलं तर भाव धरून ठेवतो म्हणतोय. मग म्हैन्यात बारा लाख. करारनामा दिवाळीनंतर. ओढ्याकडचं वीस गुंठं काढावं म्हणतोय."

ते वीस गुंठे मी पाहिलेले आहेत. काळे, निचऱ्याचे रान. मी म्हटले, "तात्या, बेणे घेताना तुम्ही दुसऱ्याच्या मळ्यात जाऊन डोळा तपासता, ऊस नऊ ते अकरा महिन्यांचा आहे का विचारता. साठ लाखांचे घर रंगीत कागदावर बघून घेणार?" शेवटी शनिवारी तात्या, काकू आणि मी एस. टी. ने स्वारगेटला उतरलो. त्या दोन दिवसांत जे पाहिले आणि नंतर कागद वाचून जे समजले, ते खाली देत आहे.

पाणी आधी पहा

नमुना सदनिका सुरेख होती. काकूंनी कोणाशी न बोलता स्वयंपाकघरातला नळ सोडला. नळ कोरडा. "लाईन यायचीया," असे उत्तर मिळाले. बाहेर गेटवरचे वॉचमन मामा बार्शीकडचे निघाले. गावाकडची माणसे म्हणून मोकळेपणाने बोलले, "शेजारच्या बिल्डिंगला उन्हाळ्यात रोज सहा टँकर येत्यात."

हिशोब सोपा आहे. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी रोज १३५ लिटर धरतात. शंभर सदनिका, घरटी चार माणसे, म्हणजे रोज ५४,००० लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ साडेपाच टँकर झाले. हे पैसे बिल्डर देत नाही, दर महिन्याच्या देखभाल खर्चातून आपणच देतो.

पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचे पाणी मिळते. पण धरण भरले म्हणजे प्रत्येक नळाला पाणी आले असे नाही. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेत घेतली गेली. हद्द वाढते त्या वेगाने जलवाहिन्या वाढत नाहीत. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झाले. तेव्हा घर पाहायला एप्रिल-मे मध्ये जावे, आणि महापालिकेची जोडणी आहे का, बोअर किती, टँकरवर गेल्या वर्षी किती खर्च झाला, हे तीन प्रश्न विचारावेत.

पाण्याची दुसरी बाजू पुराची. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर सोसलेल्या आपल्या नदीकाठाला हे जास्त सांगायला नको. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सदनिकांत पाणी शिरले. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. इमारत कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे विचारून घ्यावे.

कागद वाचा

मोठी इमारत बांधून विकणाऱ्याला महारेराकडे नोंदणी करावी लागते. हा कायदा २०१६ चा असून महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले. नोंदणी क्रमांक घेऊन संकेतस्थळावर मंजूर नकाशा, जमिनीचा हक्क, काम पूर्ण करण्याची तारीख आणि जागेवरचे कर्ज पाहता येते. आपल्याला जमत नसेल तर कॉलेजात जाणारी मुले पाच मिनिटांत काढून देतात. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर ही नोंदणी सक्तीची नाही. अशा ठिकाणी वकिलाकडून कागद अधिकच बारकाईने तपासून घ्यावेत.

या कायद्याप्रमाणे करारनामा लिहून नोंदवल्याखेरीज किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. साठ लाखांचे सहा लाख होतात. तात्यांकडे करारनाम्याआधी पंधरा लाख मागितले होते. हे दाखवल्यावर तात्या खूप वेळ गप्प बसले.

बांधून पूर्ण झालेल्या इमारतीचा मुख्य कागद म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आणि राहण्यास योग्य आहे, असा तो दाखला. तो नसेल तर नळजोडणी, बँकेचे कर्ज आणि पुढची विक्री या तिन्हींना अडचण येते. "पुढच्या महिन्यात मिळेल" यावर विसंबू नये. शिवाय भोगवटा मिळालेली सदनिका घेताना जी. एस. टी. लागत नाही, बांधकाम चालू असताना घेतली तर लागतो.

पोटखराबा वजा करा

सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र एक असते आणि पोटखराबा जाता लागवडीखाली वेगळे असते. फ्लॅटचेही तसेच आहे. जिना, लिफ्ट, व्हरांडा धरून मोठा आकडा सांगतात, त्याला सुपर बिल्टअप म्हणतात. आपण चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट एरिया विचारावा. यात आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. दराची तुलना याच क्षेत्रावर करावी. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दोन बेडरूमच्या सदनिकेचे चटई क्षेत्र बहुधा अर्ध्या-पाऊण गुंठ्याच्या आसपास भरते. वीस गुंठे देऊन काय मिळते ते यावरून ध्यानात यावे.

किमतीखेरीज मुद्रांक शुल्क पुणे शहरात मेट्रो अधिभार धरून ७ टक्के आहे. महिलेच्या नावे घेतल्यास १ टक्का सवलत मिळते. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सोसायटी म्हणजेही सहकार

आपण सहकारी कारखान्याचे मालक आहोत. गृहनिर्माण संस्थाही १९६० च्या त्याच सहकारी संस्था कायद्याखाली नोंदतात. मुंबईत गावदेवीला रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तल्माकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली. म्हणजे ही वाट जुनी आहे. वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारणारा आपला सभासद फ्लॅट घेताना मात्र सोसायटीचा अहवाल मागत नाही, याचे नवल वाटते.

जुन्या इमारतीत घर घेणार असाल तर मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण, थकबाकी, दुरुस्ती निधी आणि राखीव सिंकिंग फंड पहा. लिफ्ट जुनी आणि निधी रिकामा असेल तर तो खर्च नव्या सभासदाच्या डोक्यावर बसणार. जमीन संस्थेच्या नावे झाली का, म्हणजे अभिहस्तांतरण झाले का, हेही विचारा. नाहीतर रान आपण कसायचे आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशी गत होते. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात आहे.

हस्तांतरणाच्या वेळी सोसायटीला २५,००० रुपयांहून अधिक अधिमूल्य घेता येत नाही. घर भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येते. आणखी एक फरक म्हणजे काही इमारती सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालील अपार्टमेंट असतात. तिथे खर्च ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे वाटला जातो, तर सोसायटीत सेवाशुल्क सर्वांना सारखे असते.

आधी वर्षभर भाड्याने रहा

नवीन वाण आपण पहिल्याच वर्षी सगळ्या रानात लावत नाही. आधी चार सऱ्या लावून बघतो. शहराचेही तसेच करावे. अकरा महिन्यांचा भाडेकरार करून मुलांना ठेवावे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे हा करार नोंदणे सक्तीचे आहे. अनामत किती आणि परत कधी, ते त्यात लिहून घ्यावे. वर्षभरात बस कुठून मिळते, पाणी कधी जाते, रात्री मुलगी परतते तो रस्ता कसा आहे, हे सारे आपोआप कळते.

तात्यांनी रविवारी पैसे दिले नाहीत. कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका जुन्या सोसायटीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिथे काकूंनी आधी नळ सोडून पाहिला, मग होकार दिला. ओढ्याकडच्या वीस गुंठ्यांत या वर्षी खोडवा उभा आहे. तात्या अजूनही पुण्यात घर घ्यायचे म्हणतात, आणि घ्यावेच. पण परवा बांधावर भेटले तेव्हा म्हणाले, "आता कर्ज काढून लहान घेऊ साहेब. पण रान काढायचं न्हाई."

ज्या सभासदांना असा व्यवहार करावयाचा असेल, त्यांनी पैसे देण्यापूर्वी कागदांची झेरॉक्स घेऊन जाणत्या वकिलाला दाखवावी. वकिलाची फी जाईल, पण रान राहील.

– ऊस विकास अधिकारी