घर तेच, पट्टी निराळी

घरपट्टीचे बिल हाती पडले म्हणजे मनुष्य प्रथम शेजाऱ्याच्या बिलाची चौकशी करतो. ही गोष्ट सर्व देशांत सारखीच असावी. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मात्र अशी चौकशी करणारा पुष्कळदा चक्रावून जातो. शिकागोच्या पश्चिमेस नेपरव्हिल नावाचे शहर आहे. त्या परिसरात स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे तेथे राहतात. या शहराचा काही भाग ड्यूपेज काउंटीत, तर काही विल काउंटीत मोडतो. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा, पण बहुधा आकाराने लहान असा विभाग. नगरपालिका एक, घरांच्या किमती सारख्या, तरी सीमेच्या दोन्ही अंगांच्या घरांना पट्टी सारखीच बसेल असा भरवसा देता येत नाही. आणि तेथून पूर्वेकडे वळून कुक काउंटीत, म्हणजे शिकागो शहर जिच्यात वसले आहे त्या काउंटीत, पाऊल टाकले की आकारणीची रीतच पालटते.

इलिनॉयमध्ये अशा १०२ काउंट्या आहेत. स्थावर मिळकतीवरील कर राज्य सरकारने १९३२ सालापासून स्वतःसाठी घेतलेला नाही. तो सर्वस्वी स्थानिक संस्थांचा आहे. या संस्थांची संख्याही थोडीथोडकी नव्हे, सात हजारांच्या घरात जाते. काउंटी, नगरपालिका, शाळामंडळ, वाचनालय, उद्यान, अग्निशामक दल यांची मंडळे वेगवेगळी असतात. डासांच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कर बसविणारी मंडळेदेखील काही ठिकाणी आहेत! घरमालकाला बिल एकच येते, परंतु त्यावरील आकडा ही अशा दहा-बारा संस्थांच्या मागण्यांची बेरीज असते.

पहिला फरक पडतो तो घराची किंमत मोजण्याच्या मापात. राज्यातील १०१ काउंट्यांमध्ये घराच्या बाजारभावाचा एक-तृतीयांश भाग आकारणीस धरतात. कुक काउंटीत मात्र राहत्या घराचा शेकडा १० आणि व्यापारी मिळकतीचा शेकडा २५ भाग धरला जातो. राज्याच्या १९७० सालच्या घटनेने दोन लाखांहून अधिक लोकवस्तीच्या काउंट्यांना मिळकतींचे असे वर्ग पाडण्याची मुभा दिली. अट एवढीच की, सर्वांत वरचा वर्ग खालच्या वर्गाच्या अडीच पटींहून अधिक नसावा. कुक काउंटीने ही अडीच पट पुरेपूर वापरली आहे. पुढे राज्य सरकार सर्व काउंट्या एका पातळीवर आणण्यासाठी एक गुणक लावते. कुकच्या बाबतीत तो ३ च्या आसपास असतो.

तीन लाख डॉलर किमतीचे एक घर घेऊन हिशेब करून पाहावा. ड्यूपेजमध्ये त्याची आकारणी एक लाखावर होईल. राहत्या घराची सर्वसाधारण सूट तेथे ८ हजारांची असल्याने ९२ हजार उरतील. कुकमध्ये आकारणी ३० हजार, गुणकाने तिप्पट करून ९० हजार. तेथे सूट १० हजारांची, म्हणून उरले ८० हजार. म्हणजे कुकमधील घरमालकाच्या वाट्याला कमीच भार यावा, असे प्रथमदर्शनी दिसते. शिकागो शहरात पुष्कळ अंशी तसे घडतेही, कारण तेथील गगनचुंबी कचेऱ्या कराचा मोठा वाटा उचलतात. पण त्याच कुक काउंटीच्या दक्षिण उपनगरांत गेले की हिशेब उलटतो. समजा, ड्यूपेजमधील दर शेकडा ७ आहे. पट्टी ६,४४० डॉलर झाली. दक्षिण उपनगरात दर शेकडा १८ धरला, तर तेवढ्याच किमतीच्या घरास १४,४०० डॉलर पडतील. १८ हा आकडा उदाहरणापुरता असला, तरी अतिशयोक्तीचा नाही. तेथील काही गावांत दर शेकडा २० च्याही वर गेलेला आहे.

असे का व्हावे? कर बसविणारी संस्था आधी दर ठरविते आणि मग रक्कम गोळा करते, अशी सामान्य समजूत असते. इलिनॉयमध्ये क्रम नेमका याच्या उलट आहे. संस्था आधी आपल्याला लागणारी रक्कम ठरविते. तिला गावातील एकूण आकारणीने भागले की दर निघतो. गावाला १० लाख डॉलर हवे आहेत आणि गावातील सर्व मिळकतींची आकारणी एक कोट आहे, तर दर झाला शेकडा १०. आता गावातला ४० लाखांच्या आकारणीचा कारखाना बंद पडला. शाळा तीच, रस्ते तेच, शिक्षकांची संख्या तीच. पण भाजक ६० लाखांवर आला आणि दर १६ च्या पुढे गेला. घरमालकाने नवी खिडकीसुद्धा बसविलेली नाही, तरी त्याची पट्टी दीडपटीहून अधिक झाली.

हार्वे या दक्षिण उपनगरात १९६६ साली डिक्सी स्क्वेअर नावाची मोठी बाजारपेठ उघडली आणि १९७८ साली ती बंद पडली. ‘ब्लूज ब्रदर्स’ या चित्रपटातील मोटारींच्या पाठलागाचे दृश्य पुढच्याच वर्षी त्या ओस इमारतीत चित्रित झाले. प्रेक्षकांना ते फार आवडले. गावाच्या पदरी मात्र ते ओसाड कलेवर २०१२ पर्यंत, म्हणजे ते पाडले जाईपर्यंत, राहिले. दर वाढला की घराला गिऱ्हाईक मिळत नाही, कारण विकत घेणारा मनुष्य पुढील वर्षांची पट्टीही मनात मोजतो. त्यामुळे घराची किंमत उतरते, किंमत उतरली की आकारणी उतरते आणि दर पुन्हा चढतो. नव्या व्यापाऱ्यालाही तेथे दुकान थाटण्याचा मोह होत नाही. थोडे दक्षिणेस गेले की विल काउंटी लागते, आणि थोडे पूर्वेस गेले की इंडियाना राज्य. इंडियानाने २०१० साली घटनादुरुस्ती करून राहत्या घराची पट्टी सामान्यतः किमतीच्या शेकडा १ आणि व्यापारी मिळकतीची शेकडा ३ या मर्यादेत बांधून टाकली.

मापच वाकडे असेल, तर अन्याय आणखी वाढतो. ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने २०१७ साली कुक काउंटीतील आकारणीची तपासणी करून दाखवून दिले की, स्वस्त घरांची किंमत प्रत्यक्षाहून चढी आणि महागड्या घरांची उतरती धरली जात होती. शिवाय आकारणीवर तक्रार करून सूट मिळविणारे बहुतेक सुखवस्तू वस्त्यांतले होते. तेथे आकारणी अधिकारी लोकांनी निवडून द्यावयाचा असतो. त्या वेळचे अधिकारी जोसेफ बेरिओस यांना २०१८ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत मतदारांनी घरी बसविले.

या साऱ्या पट्टीचा सर्वांत मोठा भाग, बहुतेक गावांत निम्म्याहून अधिक, शाळांकडे जातो. म्हणून प्रश्न केवळ बिलाचा राहत नाही. जेथे मिळकती मौल्यवान आहेत, तेथे थोड्या दरात उत्तम शाळा चालतात. जेथे नाहीत, तेथील पालक दुप्पट दर भरूनही मुलांसाठी कमी पैसा उभा करू शकतात. राज्याने २०१७ साली नवा कायदा करून वाढीव अनुदान प्रथम गरजू शाळामंडळांकडे वळविण्यास आरंभ केला. त्याच कायद्यात पूर्वीचे अनुदान कोणाचेही कमी करू नये, अशीही तजवीज आहे. श्रीमंत मंडळांची संमती त्यावाचून मिळाली असती की नाही, याची शंकाच वाटते.

राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातील लेक काउंटीत लेक फॉरेस्ट हे धनाढ्य गाव आहे, आणि त्याच काउंटीत झायन हे गाव आहे. झायनमध्ये मिशिगन सरोवराच्या काठी अणुवीज केंद्र होते, आणि गावाच्या कराचा फार मोठा भाग तेच भरीत असे. १९९८ साली ते कायमचे बंद झाले आणि झायनमधील घरांचा दर काउंटीतील सर्वाधिक दरांपैकी एक होऊन बसला. केंद्राच्या इमारती पुढे पाडल्या गेल्या. वापरून झालेले अणुइंधन मात्र काँक्रीटच्या प्रचंड पिंपांत बंद करून तेथेच ठेवावे लागले, कारण ते कायमचे ठेवण्याची जागा केंद्र सरकारने ठरल्याप्रमाणे सिद्ध केली नाही. सरोवरकाठच्या त्या मोक्याच्या जमिनीवर त्यामुळे ना घरे उभी राहिली, ना दुकाने. आणि या अडवणुकीची भरपाई मिळावी म्हणून गावाला वॉशिंग्टनकडे मागणी करावी लागली.